धाकट्याच्या डोक्याचा फोटो

आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही ते आधीच लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं लिहीत बसेन. माझ्या धाकट्या भावाची सोयरीक ठरली त्या दिवशी मुलीनं मला एक प्रश्न विचारला होता. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, हळू आवाजात. जवळ दुसरं कोणी नव्हतं. त्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. मुलीनं मान हलवली, आणि त्याच लगीनसराईत ती आमच्या घरात आली.

बाकीचं सगळं घराला माहीत आहे, गावालाही आहे. एवढी एक गोष्ट मात्र फक्त तिला आणि मला माहीत आहे, आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. भांडण वगैरे नाही. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. तो ओसरीत आला तर ती पदर पुढे ओढून आत जाते. काही सांगायचं असलं तर सासूच्या तोंडून सांगते. ही रीत कोणी घातली ते मला माहीत नाही. मला तिचा फार उपयोग झाला.

तेव्हा मी मोताळ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. शाळेतल्या नकाशावर अजून जुन्या राज्याची हद्द होती आणि भूगोलाचे मास्तर तिच्यावर खडूनं नवी रेघ ओढायचे. आमचं घर तिथून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरच्या खेड्यात. वावर बरं होतं, परहाटी म्हणजे कापूस पिकायचा, ज्वारी घरची. धाकटा माझ्याहून बराच लहान. अभ्यासात माझ्यापेक्षा चांगला. गणित तोंडी करायचा आणि उत्तर सांगून झाल्यावर माझ्याकडे बघून हसायचा. मॅट्रिक झाल्यावर त्याला मलकापूरला कॉलेजात घातला. खोली कापसाच्या जिनिंगच्या मागे, रेल्वेच्या रुळांपासून जवळ.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला आला तो गप्प गप्प होता. आईला वाटलं, शहरात राहून लाजायला लागला. परीक्षेच्या तोंडावर खोलीमालकाचा निरोप आला, तुमच्या पोराले घेऊन जा. मी गेलो. भर दुपारी खोली अंधारी. खिडकीच्या फटींत त्यानं कापूस कोंबून ठेवला होता. केस वाढलेले, अंगाला वास.

"भाऊ, दार लाव," तो म्हणाला. "मालगाडीत माहं नाव वाचून राह्यले."

"कोण वाचून राह्यलं?"

"तुले माहीत नाही?" असं म्हणून तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्या नाव वाचणाऱ्यांत मीही आहे की काय, हे तो ठरवत होता.

घरी आणला. पुढचं वर्षभर घरातल्या प्रत्येकाचा एक डोळा त्याच्यावर. जेवता जेवता उठून चालू लागायचा. वावरात उन्हात उभा राहायचा तो राहायचाच. वडिलांनी त्याला दर्ग्यावर नेला. आमच्या जिल्ह्यात अशा दुखण्याचं माणूस तिथं नेतात, हिंदू-मुसलमान दोन्ही. वडिलांनी नारळ वाहिला, भाऊ शांत बसून राहिला, घरी आल्यावर काही दिवस बरा वाटला. म्हणून पुन्हा नेला. मग पुन्हा बरा वाटला नाही.

शेवटी अकोल्याच्या एका डॉक्टरनं सांगितलं, नागपूरला मोठ्या दवाखान्यात जा, तिथं एक जण याच वयाच्या पोरांचा अभ्यास करतो आहे. मी, वडील, आई आणि धाकटा, असे मलकापूरहून पॅसेंजरनं गेलो. मालगाडी दिसली की तो डोक्यावरून धोतर घ्यायचा. वडील दुसरीकडे बघायचे.

ते डॉक्टर तरुण होते, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी धाकट्याला थोडंच विचारलं. जास्त विचारलं ते आईला. त्यांचं म्हणणं असं, की हा आजार मिसरूड फुटायच्या वयात दिसतो, पण कदाचित त्याची सुरुवात फार आधी होत असेल. मेंदू पोटात घडत असतो तेव्हा, किंवा मूल रांगत असतं तेव्हा. मेंदू वाढता वाढता कुठंतरी वाट चुकतो आणि ते कळायला अठरा वर्षं लागतात. हे त्यांना सिद्ध करायचं होतं, किंवा असं नाही हे तरी.

"हा चालायला कधी लागला?" त्यांनी आईला विचारलं.

"परहाटी वेचाले आली होती तेव्हा."

"म्हणजे तेव्हा वय किती होतं?"

"वय मले काय माहीत बापा? याच्या बोटाले धरून बांधावर आला होता," आईनं माझ्याकडे हात केला. "यालेच इचारा, हा मास्तर हाये."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिशेब करून सांगितलं.

"आणि बोलायला?"

"उशिरा बोलला. पन एकदा लागला तं मंग थांबलाच नाही." आई हसली. मग शेजारी बसलेल्या मुलाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

तेव्हा मेंदूचा फोटो असा काढायचे. पाठीच्या कण्यात सुई घालून तिथलं पाणी काढायचे आणि त्या जागी हवा सोडायचे. माणसाला बसवून ठेवायचं, म्हणजे हवा चढत चढत डोक्यात जाते आणि मेंदूच्या आत ज्या पोकळ्या असतात त्यांत भरते. मग क्ष-किरणांनी फोटो. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मी विज्ञानाचा मास्तर म्हणून त्यांनी वेळ दिला, आणि मलाही बरं वाटलं. सही मी केली. वडिलांनी अंगठ्याऐवजी सही करायची म्हणून हट्ट धरला, तीही झाली. धाकट्याला कोणी विचारलं असेल तर मला आठवत नाही.

"दुखनं डोक्यात अन् सुई पाठीत," वडील बाहेरच्या बाकावर म्हणाले. "वा रे डॉक्टर."

आतून त्याचं ओरडणं ऐकू आलं आणि मग ओकाऱ्यांचा आवाज. पुढचे काही दिवस तो वॉर्डात आडवा. मान जरा उचलली की डोकं फुटायला यायचं. मी पाणी पाजायला वाकलो तर म्हणाला, "भाऊ, काय भरलं बे त्याहीनं माह्या डोक्यात?"

"हवा."

"मंग काढाले सांग ना."

"जिरते म्हणते आपोआप."

"त्यायच्या डोक्यात भरून पाह्य म्हना," तो म्हणाला, आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जुनं हसू दिसलं. आम्ही दोघंही थोडं हसलो. मग त्याला पुन्हा ओकारी आली.

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. उजेडाच्या पेटीवर फोटो लावलेला. कवटीचा पांढरा घेर आणि मध्ये फुलपाखरासारखा काळा आकार.

"हे काळं आहे ती हवा," ते म्हणाले. "एक लक्षात घ्या, यात मेंदू दिसत नाही. आतली पोकळी दिसते. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी काहींची पोकळी जरा मोठी वाटते, म्हणजे मेंदू तेवढा कमी भरला असेल असं म्हणता येईल. तुमच्या भावाची नेहमीसारखी आहे."

"म्हणजे चांगलंच की."

"गाठ नाही, पाणी साचलेलं नाही, एवढं चांगलं. पण आजार आहे. तो यात उमटत नाही. फोटो स्वच्छ म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढू नका. गोळ्या देतो त्या चालू ठेवा. वर्षानुवर्षं लागतील."

"मग तो दिसतो कशात?"

"अजून कशातच नाही. तेच शोधतोय." त्यांनी एक फोटो आपल्याकडे ठेवला आणि एक मला दिला.

मी बाहेर आलो. वडील बाकावरून उठले.

"काय म्हणते डॉक्टर?"

"फोटोत काही दोष नाही म्हणते. पण—"

"नाही ना दोष? झालं तं मंग." त्यांनी आईकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "डोकं साफ हाये पोराचं. दोष नाही."

माझं पुढचं वाक्य तिथं राहिलं. मी ते वॉर्डात सांगितलं, गाडीतही सांगितलं. वडिलांनी मान हलवली, पण तोवर ते समोरच्या बाकावरच्या माणसाला फोटो दाखवत होते. ज्या माणसानं वर्षभर मान खाली घालून गावात चालावं, त्याला एकदम मान वर करायला काहीतरी मिळालं होतं. ते मी काढून घेतलं नाही. एवढ्यापर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकतो.

गावात तो फोटो बघायला माणसं आली. ओसरीच्या खांबाला टेकून वडील तो उजेडाकडे धरायचे. शेजारचा एक जण फार तोंडाळ होता, तो म्हणाला, "आपल्या गावात डोकं असल्याचा पुरावा एवढ्या एकाजवळच हाये. मास्तर, तुहाही काढून आन. निंघते का पाहू."

सगळे हसले. धाकटाही हसला, थोडा उशिरा. गोळ्यांनी तो मंद झाला होता. जीभ जड, चाल जड, दिवसाही झोप. पण मालगाडीचं बोलायचा थांबला होता.

आणि मग वडिलांनी विषय काढला, याचं लगन करून टाकू. आमच्याकडे हे औषध सगळ्यांनाच माहीत होतं. बायको आली की पोरगा ठिकाणावर येतो. पण वेडाचा बोभाटा झालेल्या घरात मुलगी देणार कोण? आता फोटो होता. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरचा, डोकं साफ असल्याचा. अशा कामासाठी फोटो वापरायचं त्या डॉक्टरांच्या स्वप्नातही आलं नसेल. आमच्या घरात ते सगळ्यांना एकदम सुचलं, जसं काही फोटो त्यासाठीच काढला होता.

मी विरोध करू शकत होतो. घरात माझ्या शब्दाला वजन होतं. का केला नाही, ते आता सांगतो. मी थकलो होतो. शाळा सुटली की सायकल मारत घरी, धाकट्याजवळ बसायचं, त्याला जेवू घालायचं, आंघोळ घालायची, तो उठून गेला तर मागे जायचं. बायको मोताळ्याला भाड्याच्या खोलीत, पोर लहान. ती एकदा म्हणाली, "तुमचं लगन माह्याशी झालं का त्याच्याशी?" मला बुलडाण्याला बदली मिळत होती आणि मी ती घेऊ शकत नव्हतो. मला माझ्या जागी उभं राहायला कोणीतरी हवं होतं. रात्रंदिवस राहील, सोडून जाणार नाही, असं. हे मी तेव्हा मनात एवढ्या स्पष्ट शब्दांत म्हटलं नव्हतं. पण मला माहीत होतं.

स्थळ धाड गावाकडचं निघालं. एसटीनं धाड, पुढे बैलबंडीनं त्यांचं गाव. मुलीला वडील नव्हते, मामानं सांभाळलेली. मामा रोखठोक माणूस. पोहे संपायच्या आतच त्यानं विचारलं, "रागावू नका पाव्हणं, पण पोराचं डोकं फिरलंय म्हणून कानावर आलंय आमच्या."

वडिलांनी उपरण्यात गुंडाळलेला फोटो काढून माझ्या हातात दिला. "मास्तर, समजावून सांग."

मी उठून दारात गेलो आणि फोटो उजेडाकडे धरला. मामानं मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती केली.

"ही तर कवटी दिसती," तो म्हणाला. "कवट्या काय, आमच्या मसणातबी सापडतील."

माणसं हसली. मी हसलो नाही. वर्गात शिकवतो तसा आवाज लावला. ही हाडं, ही पोकळी, यात हवा भरतात, पोकळी मोठी असली तर मेंदू कमी, इथं पोकळी बरोबर आहे. सगळं खरंच होतं. डॉक्टरांचं अर्धं बोलणं मी शब्दाला शब्द सांगितलं. त्या ओसरीत नागपूर पाहिलेला दुसरा कोणी नव्हता.

"यात काही दोष नाही असं डॉक्टर म्हणाले?" मामानं विचारलं.

"हो."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर."

मामानं फोटोकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग बाकीच्यांना म्हणाला, "मास्तर माणूस हाय. खोटं कशाला बोलंल."

फोटो बायकांनी आत मागून घेतला. बराच वेळ झाला, परत येईना. चुलीची धग लागून खराब होईल म्हणून मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. मुलगीच तो घेऊन बाहेर आली. अजून ती आमची कोणी नव्हती आणि मी तिचा भासरा नव्हतो, म्हणून तिला माझ्याशी बोलता आलं. तिनं फोटो माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"मंग काढला कशाला?" ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"काहीच झालं नव्हतं, तर फोटो काढला कशाला?"

ती सातवीपर्यंत शिकलेली होती. ओसरीत बसलेल्या एवढ्या बाप्यांपैकी कोणालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं. तिच्या आवाजात संशय नव्हता. खरंच विचारत होती. मी जे सांगेन ते ती मानणार होती.

मी म्हणालो, "नागपूरला संशोधन चालू आहे. हुशार मुलांचा मेंदू कसा वाढतो ते बघतात. त्यासाठी याला निवडला."

मी हे उत्तर नंतर कितीदा उलटंपालटं करून पाहिलं आहे. संशोधन चालू होतं. मेंदू कसा वाढतो तेच बघत होते. निवडलाही होता. हुशारही होता. एकेक शब्द वेगळा काढला तर कोणी मला धरू शकणार नाही. इतकं बेमालूम खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो, आणि ते बोलायला मला विचार करावा लागला नाही.

तिनं मान हलवली. फोटो सोडला.

लग्नाच्या आधी गोळ्यांचा प्रश्न आला. नवरदेव गोळ्या खातो हे वऱ्हाडात कोणी पाहिलं तर? आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "थोडे दिवस बंद ठेवा." डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं तरी म्हणालो. गोळ्या बंद झाल्यावर तो उलट तरतरीत दिसायला लागला. मांडवात त्यानं उखाणा घेतला. वडील रडले. मला वाटलं, कदाचित सगळे म्हणतात तेच खरं असेल.

परहाटी वेचायला आली तोवर सगळं परत आलं. त्याला वाटायला लागलं, ही बाई मालगाडीतून पाठवलेली आहे. तिच्या हातचं खाईना. दोन-दोन दिवस उपाशी. मग तिनं त्याच्या ताटातला पहिला घास त्याच्यासमोर स्वतः खायला सुरुवात केली. आमच्याकडे बाई नवऱ्याच्या नंतर जेवते, त्याच्या ताटाला आधी हात लावत नाही. आत्या आली होती, तिनं नाक मुरडलं. "ही कोनती रीत वो? नवऱ्याच्या आधी घास?" ती तसाच घास गिळायची, तोंड उघडून दाखवायची, मग तो जेवायचा. ती अजूनही तसंच करते.

मी बुलडाण्याला बदली घेतली. सणासुदीला जायचो. मी ओसरीत, ती आत, मध्ये आई. एका पोळ्याला आई बाहेर येऊन म्हणाली, "सून म्हणते, मास्तरायले इचारा, नागपूरच्या डॉक्टरनं दिल्या होत्या त्या गोळ्या कोनत्या."

म्हणजे तिला कळलं होतं. कोणी सांगितलं, कधी, मला माहीत नाही. मी गोळ्यांचं नाव सांगितलं. आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, तरी आईनं आत जाऊन पुन्हा सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती धाकट्याला घेऊन एसटीनं मलकापूरला गेली आणि गोळ्या घेऊन आली. तेव्हापासून त्या बंद झाल्या नाहीत. तो पूर्वीचा झाला नाही, पण वावरात बसतो, बैलांना पाणी दाखवतो, एखाद्या दिवशी गणित घालून बघा म्हणतो. त्यांना मूल नाही. ते तिनं ठरवलं की तसंच झालं, हेही मी कोणाला विचारलेलं नाही.

तिचा मामा एकदा आला होता. ओसरीत माझ्यासमोर बसला. पाणी प्याला. म्हणाला, "मास्तर, तो फोटो हाय का अजून?"

"आहे."

"जपून ठेवा. घरात आणखी एखाद्याचं लगन निघालं तर कामी येईल."

मी पायाकडे बघत बसलो. आत भांड्याचा आवाज थांबला होता, म्हणजे तिनं ऐकलं. मामा नंतर आला नाही. वारल्याचं कळलं तेव्हा मी गेलो नाही.

दहा-बारा वर्षांनी पेपर तपासायच्या कामानं नागपूरला गेलो होतो. त्या डॉक्टरांना भेटून आलो. का गेलो, सांगता येत नाही. केस पांढरे झाले होते, चष्मा नवा होता. त्यांनी मला ओळखलं. हवेचे फोटो त्यांनी बंद केले होते.

"फार त्रास, आणि हाताला फार थोडं लागायचं," ते म्हणाले. "काहींच्या पोकळ्या मोठ्या, काहींच्या नाहीत. तुमच्या भावासारखे स्वच्छ फोटोच मला जास्त छळतात. आता परदेशात म्हणे नवीन यंत्र निघालं आहे, डोकं न दुखवता मेंदूच दाखवतं. आपल्याकडेही येईल. पण फोटो एका दिवसाचा असतो हो. हा आजार वाढत आलेला असतो. एकाच मुलाचे लहानपणापासून दर वर्षी काढता आले असते, तर कदाचित वाट कुठं वळली ते कळलं असतं. सुई घालून ते कोणाला करणार?"

मग त्यांनी विचारलं, "भावाचं लग्न केलंत का?"

"हो."

"मुलीकडच्यांना सांगितलं होतं?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी समाधानानं मान हलवली. "बरं केलंत. फार कमी लोक सांगतात." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो मी पूर्ण प्यालो.

वडील आधीच गेले होते, आई यंदा गेली. तेरावा झाल्यावर पाव्हणे पांगले, माझी बायको-मुलंही बुलडाण्याला परतली. मी एक दिवस मागे राहिलो, कागदपत्रांचं काहीतरी होतं. दुपारी घरात आम्ही तिघंच. धाकटा बाजेवर पडलेला. मी ओसरीत. मध्ये बोलायला कोणी राहिलं नव्हतं, हे आम्हाला दोघांनाही बहुतेक एकाच वेळी जाणवलं. 

मग ती दारात आली. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. केस पांढरे व्हायला लागले आहेत. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर, जेवून घ्या. त्यायचं झालं."

माझ्याशी बोललेलं हे तिचं दुसरं बोलणं. मधल्या वर्षांत तिची भाषाही आमच्यासारखी झाली होती.

मी पाटावर बसलो. पिठलं आणि भाकरी होती. ती चुलीशी पाठ अर्धी वळवून बसली. मला माहीत होतं, आता बोलायचं. कोणी अडवत नव्हतं. रीत तिनंच बाजूला ठेवली होती, आणि रीतीच्या आड इतकी वर्षं मी काय करत होतो हे तिला कळत नसेल असं मला वाटत नाही. मी तोंड उघडलं.

"महिन्याच्या गोळ्या आहेत का?" मी विचारलं.

"हाव."

"संपल्या तर कळवत जा."

"संपू देत नाही मी," ती म्हणाली.

आणखी एक भाकरी वाढली. मी नको म्हणालो नाही. जेवून उठलो, हात धुतले, धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुपारच्या एसटीनं निघालो. ती दारापर्यंत आली नाही, मी मागे वळून पाहिलं नाही.

बुलडाण्याला परत आल्यावर हे लिहायला बसलो. लिहून मन हलकं होतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. पूर्वी होतो तेवढाच थकलेला आहे.

तिनं विचारलं तेव्हा मला खरं माहीत होतं. ते सांगितलं असतं, तर ती नाही म्हणाली असती. आणि तिला नाही म्हणता येऊ नये, म्हणूनच मी सांगितलं नाही. हे तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं, तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.